कल म्हणजे काल की उद्या?

दर महिन्याला एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा निरोप येतो. 'मैम, मैं अभी कंटेंट में हूँ, प्रोडक्ट मार्केटिंग में जाना है, थोड़ा गाइड कर दीजिए.' पुढे हात जोडलेलं चित्र. मी काहीबाही उत्तर देते. अमुक शिका, तमुक वाचा. खरं उत्तर देत नाही, कारण ते ऐकून मुलं जोडलेले हात सोडून पळ काढतील. मी कंटेंटमधून प्रोडक्टमध्ये गेले ती बढती म्हणून नाही. रागाने गेले. त्यातला निम्मा राग स्वतःवरचा होता आणि तो अजून उतरलेला नाही. ह्या अंकासाठी 'तुमच्या कामाबद्दल जरा खुसखुशीत लिहा' असा फोन आला, तेव्हा मी हो म्हणाले खरी, पण खुसखुशीत किती होईल ते सांगता येत नाही.

आधी धंदा समजावून सांगते, कारण माझ्या सासूबाईंना तो बारा वर्षं कळला नव्हता आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. 'गुडघे दुखतात? घरच्या घरी हे करून पाहा' असा लेख तुम्ही फोनवर वाचता, बरा वाटतो, आणि अगदी शेवटी हळूच एक तेल विकायला ठेवलेलं असतं. तो लेख लिहिणारी बाई म्हणजे मी. ह्याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात. दुकानाबाहेर उभं राहून गोड आवाजात हाका मारायच्या, आत माल काय आहे ते आपण विचारायचं नाही. प्रोडक्ट मार्केटिंगवाला दुकानात शिरतो. ही वस्तू कोणासाठी आहे, तिला काय म्हणायचं, तिच्याबद्दल कोणता दावा करायचा आणि कोणता अजिबात करायचा नाही, हे तो ठरवतो. मग ती घेऊन गेलेला माणूस काय म्हणतो ते बनवणाऱ्यांच्या कानावर घालतो, त्यांना ऐकायचं असो वा नसो.

आमची कंपनी लखनौच्या सरोजिनी नगरात, कानपूर रोडवरून आत, एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर. विमान उतरायला लागलं की मीटिंगमध्ये सगळे गप्प बसायचे आणि ते गेल्यावर भलत्याच मुद्द्यावरून पुढे बोलू लागायचे. कंपनीचं नाव सांगत नाही. तिच्याकडे वकील आहेत. माझ्याकडे एक नवरा आहे, तोही रेल्वेत इंजिनिअर.

आम्ही गोळ्यांचा डबा विकत होतो. आठवड्याच्या सात दिवसांचे सात कप्पे आणि डबा फोनला जोडलेला. म्हाताऱ्या माणसाने त्या दिवसाचा कप्पा उघडला की फोनला कळायचं, गोळी घेतली. नाही उघडला तर फोन बोलून आठवण करायचा. घरापासून लांब राहणाऱ्या मुलांनी आईबापांना द्यावा असा हा डबा. कल्पना वाईट नव्हती. रागाच्या भरात तेवढं तरी नाकारत नाही.

ह्या डब्याच्या सर्वांत नियमित ग्राहकाची मुलाखत घ्यायला मला एकदा आलमबागला पाठवलं होतं. निवृत्त गृहस्थ, पांढरा कुर्ता, दारातच 'आइए, आइए, तशरीफ़ रखिए'. दिवसातून चार-चार वेळा त्यांचा डबा उघडायचा, एक दिवस खंड नाही. मी वही काढली. त्यांनी डबा पुढे केला आणि कप्पा उघडला. आत बडीशेप. दुसऱ्यात वेलदोडे, तिसऱ्यात लवंगा, चौथ्यात खडीसाखर.

"और दवा, अंकल?" मी विचारलं.

"दवा तो हम जेब में रखते हैं, बिटिया. ये बहू ने दिया है. बड़े काम की चीज़ है. लीजिए, इलायची लीजिए."

मी वेलदोडा खाल्ला आणि ऑफिसात येऊन सगळं सांगितलं. अंशुमन आमचा प्रोडक्ट हेड. वय तिशीचं, वागायला अतिशय सभ्य. तो म्हणाला, "मैम, डिब्बा तो रोज़ खुल रहा है न? रेगुलर यूज़र ही हुए." मी हसले, आणि टेबलाशी बसून 'अनुशासन की मिसाल' असा सहाशे शब्दांचा लेख लिहिला. फोटोत कप्पे बंद. घरी हा किस्सा मी मीठमसाला लावून सांगितला, सगळे पोट धरून हसले. कुठेतरी काहीतरी चुकतंय हे तेव्हाच कळायला हवं होतं, पण मला तो विनोद वाटला.

आता मुद्द्यावर येते. डब्याच्या ॲपमधले हिंदी शब्द कोणी लिहायचे? तर कंटेंटवाल्यांनी, कारण ते लिहितात. मला एक तक्ता आला. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजवा रकाना रिकामा, आणि प्रत्येक शब्दाला अक्षरांची मर्यादा. कोणता शब्द कुठल्या पडद्यावर, कोणत्या शब्दाला चिकटून येणार, ह्याचा पत्ता नाही. मी विचारलं, तर उत्तर आलं की पडदे अजून बनतायत, तुम्ही शब्द देऊन टाका.

एका ओळीत 'यस्टरडे' होतं. मी लिहिलं, 'बीता हुआ कल'. चौकट लाल झाली. चार ओळी खाली 'टुमॉरो'. 'आने वाला कल'. तीही लाल. जागा पुरत नव्हती. मी वरच्या चौकटीत नुसतं 'कल' ठेवलं, आणि मला अजून आठवतं, खालच्या चौकटीत ते पुन्हा टाइपही केलं नाही. वरचंच उचलून चिकटवलं. दोन्ही चौकटी हिरव्या झाल्या. पुढे 'पेंडिंग' आलं, त्याला मी 'बाकी' लिहिलं आणि चहाला गेले.

हिंदीवाल्यांना काल आणि उद्या ह्यांना एकच शब्द असतो आणि त्यांचं कधी काही अडत नाही, कारण पुढे क्रियापद येतं. कल गया था. कल जाऊँगा. दिवस त्या क्रियापदात असतो. आम्ही क्रियापद कापलं, कारण जागा नव्हती. लहानपणापासून घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलत आलेली मी. माझ्या बाबांनी इथल्या औषध-संशोधन संस्थेत उभी हयात घालवली. काल आणि उद्या असे दोन सुटे शब्द मला आईच्या दुधाबरोबर मिळालेले. ही चूक अख्ख्या ऑफिसात कोणाच्या कानाला खटकायला हवी होती, तर ती माझ्याच.

खटकली सासूबाईंना. त्या मूळच्या सांगलीच्या, सासरे गेल्यावर आमच्याकडे लखनौला आल्या. भाजीवाल्याला 'भैया, जरा कोवळा भेंडी देव ना' म्हणणाऱ्या. ऑफिसातून एक डबा घरी आणला होता, त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन बोलला, "कल की दवा बाकी."

त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली. "अगं, हा कल म्हणतोय तो काल का उद्या?"

"उद्या, आई. उद्याचा कप्पा भरायचा राहिलाय म्हणतोय."

"मग सकाळी म्हणाला तेव्हा?"

"तेव्हा काल. कालची गोळी घ्यायची राहिली होती तुमची."

"दोन्हीला कलच? मग ह्या लोकांना कळतं तरी कसं गं?"

"कळतं हो. पुढच्या क्रियापदावरनं कळतं."

"ह्यात कुठंय क्रियापद?"

मुलगी आतल्या खोलीतून ओरडली, "आजी, यहाँ सबको समझ में आ जाता है, आप टेंशन मत लो यार." मी हसले. म्हणाले, "आई, इतकी वर्षं झाली लखनौत, अजून कल शिकला नाहीत." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोळ्या पूर्वीसारख्या बिस्किटाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. सत्तर वर्षांच्या बाईने पाच मिनिटांत माझ्या कामाची चूक दाखवली आणि मी तिच्या हिंदीची टिंगल केली. हे लिहिताना अजून कानशिलं तापतात.

दोनेक महिन्यांनी जानकीपुरमची तक्रार आली. शुक्ला नावाच्या बाई, मुलींच्या शाळेतून हिंदी शिकवून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. मुलगा बंगळूरला, डबा त्यानेच घेऊन दिलेला. त्या रोज सकाळी मधुमेहाची गोळी घ्यायच्या. एका संध्याकाळी फोन म्हणाला, "कल की दवा बाकी." डब्याला म्हणायचं होतं, उद्याचा कप्पा भरा. बाईंना वाटलं, कालची गोळी राहिली. त्यांनी ती घेतली. तासाभराने रक्तातली साखर उतरली आणि त्या स्वयंपाकघरात पडल्या. उजवं मनगट मोडलं. शेजारणीने आवाज ऐकला म्हणून पुढचं निभावलं.

मीटिंग भरली. मी म्हणाले, हे त्या शब्दामुळे झालं असणार. अंशुमनने पडदा दाखवला. "मैम, देखिए, लेफ्ट वाला कल बीता हुआ, राइट वाला आने वाला. एकदम क्लियर है."

"और आवाज़? आवाज़ में लेफ्ट-राइट कहाँ है?"

विमान आलं. सगळे थांबले. विमान गेल्यावर अंशुमन म्हणाला, "आपकी बात सही है मैम, हम इसे देखेंगे. फ़िलहाल ये यूज़र एरर में जाएगा." लखनौत अपमान करतानासुद्धा 'आप' म्हणतात, त्यामुळे तो झाल्याचं घरी गेल्यावर कळतं. मग तो माझ्याकडे वळला. अशा घटना वाढू नयेत म्हणून लोकांना शिकवायला हवं, एक लेख लिहा. विषयही त्यानेच दिला. दवा लेने में बुज़ुर्ग कौन-सी गलतियाँ करते हैं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. पण ती बोंब मारली कोणी? मी. मला नाही म्हणता आलं असतं. कोणी हात पिरगाळला नव्हता. मी नाही म्हणाले नाही, कारण लेख लिहिणं हे माझं काम होतं आणि मला ते येत होतं. दुपारी बसले, संध्याकाळपर्यंत झाला. 'दवा लेने में बुज़ुर्गों की पाँच गलतियाँ'. तिसरी चूक अशी लिहिली: 'याद दिलाने वाली आवाज़ को ध्यान से न सुनना.' आणि पाचवी: 'अकेले रहने की ज़िद.' ही पाचवी मला कोणी सांगितली नव्हती. चारच सुचत होत्या आणि पाच हा आकडा बरा दिसतो, म्हणून घातली. लेख छान उतरला. मी चांगलं लिहिते, हाच सगळा घोटाळा आहे.

लेख पसरला. घराघरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला, माझ्याच नणंदेने मला तो पाठवला. कंपनीच्या कुठल्याही पानावर आली नव्हती इतकी माणसं त्या पानावर आली. ऑफिसात केक आणला, त्यावर 'कंटेंट क्वीन' लिहिलेलं. मी तो कापला आणि खाल्लाही.

त्या लेखाचा दुसरा भाग हवा होता. खऱ्या लोकांची वाक्यं घालावीत म्हणून मी ग्राहकांच्या फोनचं रेकॉर्डिंग मागवलं. त्यात जानकीपुरमच्या शुक्ला बाईंचा फोन निघाला. आवाज स्वच्छ, शाळेत कमावलेला. त्या सांगत होत्या, "उसने कहा, कल की दवा बाकी. तो मैंने ले ली."

आमच्याकडची फोन घेणारी मुलगी म्हणाली, "मैम, आपको ध्यान से सुनना चाहिए था."

मग त्या म्हणाल्या, "जी. गलती हो गई. माफ़ कीजिएगा."

ही बाई मोडलेलं मनगट घेऊन आमची माफी मागत होती. मी हेडफोन काढला आणि थेट अंशुमनच्या टेबलाशी गेले. आवाज चढला होता, मला ठाऊक आहे, गोदामातली माणसं वर बघत होती. मी म्हणाले, तो शब्द आजच्या आज बदला. तो उभा राहिला, मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "मैम, मैं समझता हूँ. लेकिन ये प्रोडक्ट का कॉल है, कंटेंट का नहीं."

शब्द माझा, पण तो बदलायचा हक्क माझा नाही. बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या वस्तूंवर शब्द चिकटवत आले आणि एकाही वस्तूवर माझं काही चालत नव्हतं, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर समजलं. प्रोडक्ट मार्केटिंगची एक जागा महिनाभर रिकामी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती मागितली.

जागेसाठी रीतसर मुलाखत झाली. अंशुमनने सांगितलं, "मैम, इसमें लिखना कम है, सोचना ज़्यादा." बारा वर्षं मी जे करत होते त्यात विचार नव्हता असं हा मुलगा मला तोंडावर सांगत होता, आणि संताप असा की तो खरं बोलत होता. पद एक पायरी खालचं मिळालं. घेतलं. कंटेंटच्या मैत्रिणी म्हणाल्या, क्वीन होतीस, आता कारकून झालीस. व्हायचंच होतं.

नव्या कामातली पहिली गोष्ट ही केली की प्रोडक्टच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना कागदाचा एकेक तुकडा दिला. फोनमधून आवाज लावला, "कल की दवा बाकी." म्हटलं, ऐकलं ते करा. गोळी घ्यायची की कप्पा भरायचा, कागदावर लिहा, शेजाऱ्याचं बघायचं नाही. कागद उघडले. निम्मे लोक गोळी घेणारे, निम्मे कप्पा भरणारे, आणि सगळे जन्माने हिंदी बोलणारे. अंशुमनने आधी एक लिहून खोडलं होतं आणि मग दुसरं लिहिलं होतं. मग मी शुक्ला बाईंचा फोन लावला. 'माफ़ कीजिएगा'पर्यंत.

शब्द बदलला. 'कल' काढून वाराचं नाव घातलं आणि कापलेलं क्रियापद परत जोडलं. 'मंगलवार की दवा अभी भरनी है.' 'सोमवार की दवा छूट गई थी, अब मत लीजिए, डॉक्टर से पूछिए.' लांबलचक वाक्यं. आवाजाला कुठली आलीय अक्षरांची मर्यादा? ती पडद्यासाठी होती, आवाजाला कोणीतरी तशीच चिकटवलेली. इंजिनिअरला हे करायला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटांच्या कामासाठी एका बाईचं हाड मोडलं. सगळं झाल्यावर अंशुमन म्हणाला, "ग्रेट कैच, मैम." जणू मी सीमारेषेवर झेल घेतला होता.

मग मी म्हणाले, तो लेखही उतरवा. तो मात्र उतरला नाही. ते आमचं सगळ्यात चांगलं चालणारं पान आहे, असं मला सांगण्यात आलं. आणि आता लेख हा कंटेंटचा विषय, प्रोडक्टचा नाही. हे सांगताना अंशुमनच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तो लेख अजून आहे. शोधलात तर पहिलाच सापडेल, त्याखाली नाव नाही.

ग्राहकांच्या घरी जाणं आता माझ्या कामात बसत होतं. शुक्ला बाईंकडे जाऊन शब्द बदलल्याचं सांगावं, त्यांना बरं वाटेल, असं ठरवून मी जानकीपुरमला गेले. खरं तर मलाच बरं वाटून घ्यायचं होतं.

दार त्यांनीच उघडलं. उजवा हात प्लास्टरमध्ये. बाहेरच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी एकावर एक रचलेली, भिंतीवरची चित्रं उतरवलेली. मी कंपनीतून आले म्हटल्यावर त्या संकोचल्या, जणू त्यांनीच आमचं काही तोडलं होतं. शाळेतल्या मुली त्यांना बहनजी म्हणायच्या, मीही तेच म्हणू लागले. त्यांनी पाणी आणलं, लाडू आणला, आणि मी शब्द बदलल्याचं सांगितलं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"अच्छा किया. औरों के काम आएगा," त्या म्हणाल्या. "हमारा तो अब इतवार को जाना है. बेटा आ रहा है. मकान किराए पर उठ गया समझिए."

"आप जाना चाहती हैं?"

"चाहने की उम्र थोड़े है. बेटा कहता है, मम्मी, अब आपसे नहीं होगा. ठीक ही कहता है. ये देखिए न, छपा हुआ है."

फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता. माझा लेख. मुलाने फोनवर पाठवलेला, आणि बहनजींनी मोडक्या उजव्या हातामुळे डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत वहीच्या कागदावर उतरवून घेतलेला. पाच चुका, ओळीने. तिसरीपुढे बरोबरची खूण. पाचवीपुढेही. 'अकेले रहने की ज़िद.' त्याखाली शाईची दुहेरी रेघ.

"किसी डॉक्टर ने लिखा है," त्या म्हणाल्या. "बहुत सोच-समझकर लिखा है."

मला वाटलं होतं की मी रागावलेली आहे. तोवर मला राग काय असतो ते माहीतच नव्हतं. पण तो काढायचा कोणावर? मी म्हणाले, "मैंने लिखा है, बहनजी."

"आप डॉक्टर हैं?"

"नहीं."

"फिर?"

मी सगळं सांगितलं. तक्ता, लाल चौकट, वरून उचलून खाली चिकटवलेला 'कल', सासूबाई, मीटिंग, आणि ती पाचवी चूक फक्त आकडा भरायला घातली हेही. शेवटी त्या उठल्या, एक वही आणि पेन आणून माझ्यापुढे ठेवलं.

"मेरे कहने से नहीं मानेगा. वो लिखा हुआ मानता है. लिखकर दीजिए."

मी लिहिलं. कंपनीच्या वकिलांनी बघितलं तर काय होईल हे डोक्यात होतंच, त्यामुळे हात आपोआप सावध चालला. 'डिब्बे की आवाज़ में शब्दों की अस्पष्टता के कारण श्रीमती शुक्ला की दवा में गलती हुई.' कागद त्यांना दिला. त्यांनी चष्मा लावला आणि पेन हातात घेतलं, डाव्या. 'गलती हुई' खाली रेघ ओढली.

"किससे हुई?"

"जी, डिब्बे से..."

"डिब्बा अपने आप बोलना सीखा? कर्ता कहाँ है इस वाक्य में?"

मी वाक्य खोडून पुन्हा लिहिलं. 'कंपनी की ओर से गलती हुई.' त्यांनी पुन्हा रेघ ओढली. आवाज तोच, पण आता मी आठवीत होते आणि बाकावर उभी होते.

"कंपनी ने आपके हाथ से कलम पकड़ी थी क्या? छत्तीस साल मैंने लड़कियों की यही गलती काटी है. शीशा टूट गया. दूध गिर गया. किसने तोड़ा, किसने गिराया, कोई नहीं लिखती."

तेव्हा मी लिहिलं. 'वह शब्द मैंने लिखा था. वह लेख भी मैंने लिखा. गलती मैंने की. बहनजी ने वही किया जो उनसे कहा गया.' खाली पूर्ण नाव, सही. बारा वर्षांत माझ्या लिखाणाखाली माझं नाव पहिल्यांदा आलं ते तिथे. त्या कागदावरून पुढे ऑफिसात काय झालं ते सांगत बसत नाही. नोकरी आहे, एवढं पुरे.

बहनजींनी तो दोनदा वाचला, एका ठिकाणी अनुस्वार दिला, फोटो काढला आणि मुलाला पाठवला. मिनिटभरात फोन वाजला. मी त्यांच्याकडे बघितलं.

"बजने दीजिए. पहले पूरा पढ़ ले."

फोन थांबला आणि परत वाजला. ह्या वेळी त्यांनी उचलला आणि पलीकडचं काही ऐकायच्या आत विचारलं, "पढ़ लिया? बताओ, गलती किसने की?" मुलगा काहीतरी म्हणाला. "नहीं. पूरा वाक्य बोलो." त्या थांबल्या, ऐकलं, मान हलवली. मग फोन माझ्या हातात दिला.

"लीजिए. अब आप सुनिए."

मुलगा बोलू लागला. आधी 'आप' म्हणत होता, मग 'तुम' म्हणू लागला. आईला तो काय काय बोलला होता, ती कशी ऐकून घेत होती, सगळं तो मलाच ऐकवत होता, ओरडून, मध्ये रडून. त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं. मी मध्ये बोलले नाही आणि फोन कानापासून लांबही केला नाही. समोर बहनजींनी सगळ्यात वरच्या खोक्याची चिकटपट्टी डाव्या हाताने सोलून काढली, आतले स्टीलचे डबे एकेक करून बाहेर घेतले आणि पुन्हा फळीवर मांडायला लागल्या.